होळीत गेलेल्या पावत्या

पुन्याभाऊ,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि कुणी वाचून दाखवावं तर आता तुम्ही राहिला नाहीत. त्यामुळे हे पत्र लिहिताना मला कसली भीड नाही. तशी ती मला कधीच नव्हती. तुम्हीच म्हणायचात, "अक्का, तू बोलस तं बाभूयना काटा टोचस."

तुम्ही गेल्याचं रेशमानं फोनवर सांगितलं. "अक्का, बा गया," एवढंच. मग म्हणाली, "त्यासना कागद तुनाकडेच शेतस ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग." हे 'ऱ्हाऊ दे' मला काही केल्या गिळवत नाही, म्हणून लिहायला बसले.

हे मी छापायला देणार आहे. तेव्हा ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना आधी सगळं सांगते. तुमच्याविषयी तुमच्यादेखत बोलते आहे. जिथं मी स्वतःला सूट देईन तिथं टोका.

पुन्याभाऊ मालचे साक्री तालुक्यातले. पिंपळनेर सोडलं की डोंगर अंगावर यायला लागतात, डांबर संपतं, आणि एका नाल्यापलीकडे तीसेक घरांचा भिल्लांचा पाडा लागतो, तिथले. पाड्याच्या वर, जंगलाच्या काठाला, त्यांची अडीच एकर उताराची जमीन. त्यांची म्हणायची पद्धत. सरकारच्या नकाशात ते राखीव जंगल. वडिलांनी दगड वेचून बांध घातले, पुन्याभाऊंनी ते वाढवले. पावसावर नागली, भगर, थोडी तूर. उन्हाळ्यात मोहाची फुलं, चारोळी, नाहीतर मिळेल ती मजुरी. जमिनीच्या खालच्या टोकाला कुडाच्या भिंतींचं घर. माणूस बुटका, काटक, डाव्या कानात बाळी. वय विचारलं की "पाऊसले इचार" म्हणायचे.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. १९९९ साली लोकसभा आणि विधानसभा एकदमच लागल्या. पक्षांचे जाहीरनामे गोळा करायचे, आणि ज्यांच्या नावानं ते लिहिलेले असतात त्यांना त्यातलं काय ठाऊक आहे ते गावोगाव जाऊन विचारायचं, असा उपद्व्याप मी काढला. नऊ मुलं, एक भाड्याची जीप आणि छापलेल्या प्रश्नावल्या. त्या फेरीत पुन्याभाऊ भेटले.

आमच्या मुलांनी त्यांना अंगणात गाठून विचारलं, "कसेल त्याची जमीन, असं कुठला पक्ष म्हणतो?"

"हाई तं मी बी म्हनस," ते म्हणाले. "मना पक्ष कोनता?"

मुलं हसली. पुन्याभाऊ आत गेले आणि फडक्यात बांधलेल्या पावत्या घेऊन आले. पंचवीस-तीस तरी असतील. काही वडिलांच्या वेळच्या, शाई उडून गेलेल्या. त्या त्यांनी माझ्यापुढे पसरल्या, एखाद्यानं दागिने पसरावेत तशा. "देख अक्का. आम्ही दर साल पट्टी भरतस. मना बाप बी भरे. मंग जमीन कोनी?"

मी वाचल्या. त्या पट्टीच्या नव्हत्या. जंगलाच्या गार्डानं केलेल्या दंडाच्या होत्या. दर वर्षी नांगरटीला गार्ड यायचा, दंड करायचा, अंगठा घ्यायचा आणि पावती फाडायचा. सरकार पैसे घेतं आणि छापील कागद देतं, म्हणजे ही जमिनीची पट्टीच, शेतसारा, असं बाप-लेक दोघंही धरून चालले होते. नांगर धरला की पट्टी, असा त्यांचा हिशेब. इतका सरळ, की चूक म्हणायला जीभ अडखळावी.

माझी अडखळली नाही. मी मोठ्यानं वाचलं: 'गुन्ह्याचा प्रकार, राखीव वनात अतिक्रमण करून नांगरट. आरोपीने गुन्हा कबूल केला.' आणि वर म्हटलं, "भाऊ, ही पट्टी नाही, हा दंड आहे. दर वर्षी तुम्ही चोरी कबूल करून अंगठा देताय. हे काय मिरवायचे कागद आहेत?"

"आरोपी म्हंजे?"

"ज्यानं गुन्हा केला तो."

"मना बाप बी?"

"त्यांच्या अंगठ्याच्या पावत्या आहेत ना? मग तेही."

अंगणात पाड्यातली आठ-दहा माणसं बसलेली होती. त्यांची लेक रेशमा तेव्हा सोळा वर्षांची. तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, आणि मुलाकडचा एक माणूस त्या आठ-दहांत होता. हे मला पुष्कळ नंतर कळलं. पुन्याभाऊंनी पावत्या गोळा केल्या आणि फडक्याला गाठ मारली. मग त्या गाठीवर आणखी एक मारली.

अंगण गप्प झालं ते मला दिसलं. मला वाटलं, माणसांना शहाणं करताना असं होतंच. निघताना मी त्यांच्या हातात एका पक्षाचा जाहीरनामा ठेवला. मुखपृष्ठावर लाल कौलांचं घर, दारात तुळस, शेजारी विजेचा खांब. आत लिहिलेलं: जंगलजमीन कसणाऱ्या प्रत्येक आदिवासीला हक्काचा पट्टा, प्रत्येक बेघराला पक्कं घर. वाचून दाखवलं आणि म्हटलं, "हा जपून ठेवा. पुढच्या वेळी मत मागायला आले की तोंडासमोर धरा. हा खरा कागद."

खरा कागद. शब्द माझेच, आजही तोंडपाठ आहेत.

पुढची होळी आली. तिकडे होळीसारखा दुसरा सण नाही. मजुरीला सुरतेपर्यंत गेलेली माणसंही होळीला घरी येतात. पुन्याभाऊंच्या पाड्यावर एक रीत होती. घरातलं जे दोषाचं, जे पुन्हा घरात नको, ते होळीत द्यायचं. आजाऱ्याची गोधडी, फुटकं मुसळ, कुणाच्या नजरेचा दोरा. पुन्याभाऊंनी त्या वर्षी पावत्यांचं फडकं दिलं. बापाचं नाव आरोपी म्हणून घरात ठेवायचं नव्हतं त्यांना. वैशाखात रेशमाचं लग्न झालं.

जाहीरनामा मात्र पत्र्याच्या पेटीत गेला, खाली-वर कडुनिंबाचा पाला घालून. मग दर निवडणुकीला नवा. प्रचाराची जीप आली की पाड्यातली माणसं टोप्या मागायची, पुन्याभाऊ पुस्तक मागायचे. वाचता येत नव्हतं, चित्रांवरून ओळखायचे. बैलांचा, हसणाऱ्या बाईचा, धरणाचा. पहिला, घराचा, सगळ्यांच्या वर.

एकदा एक उमेदवार पाड्यावर आला. हार, ढोल, सगळं लवाजम्यासकट. पुन्याभाऊंनी त्याच्यापुढे जुना जाहीरनामा धरला, आणि सोबत शाईचा पॅड. रेशनच्या दुकानातून मागून आणलेला.

"आंगठा लाव," म्हणाले.

"बाबा, मला सही येते," उमेदवार म्हणाला. माणसं हसली.

"ते सही लाव. आमले कोनी काही दिधं तं पहिले आंगठा लेस. रेशन दिधं, आंगठा. दंड कया, आंगठा. तू जमीन देस म्हनस, मंग तुना आंगठा कोठे शे?"

उमेदवारानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. फोटोवाला पुढे सरकला. पाच वर्षांनी आलेल्या पत्रकात तोच फोटो होता: पुन्याभाऊ, हातात जाहीरनामा, आणि खाली 'हक्काची जमीन, हक्काचं घर – एक समाधानी लाभार्थी'. ते पत्रकही पेटीत गेलं. फोटो चांगला आला होता, असं त्यांचं म्हणणं.

मध्यंतरी, २००६ साली, वनहक्काचा कायदा झाला. डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो त्याला तिचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद. अर्जाला निदान दोन पुरावे लावायचे. एक, गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब. तो सगळ्यांकडेच होता. आणि दुसरा, ज्याच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही असा? जंगलखात्याच्याच दंडाच्या पावत्या. अमक्या साली अमका माणूस अमक्या ठिकाणी नांगरत होता, असं खुद्द सरकारनं शिक्का मारून लिहून दिलेलं. नाल्याच्या अलीकडच्या पाड्यावर ज्यांनी निव्वळ आळसानं पावत्या छपरात खोचून ठेवल्या होत्या त्यांना पट्टे मिळाले.

पुन्याभाऊ पेटी डोक्यावर घेऊन तालुक्याला गेले. सोबत त्यांचा भाचा बादल, गावच्या वनहक्क समितीचा सचिव. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं.

"हे काय आणलं?" टेबलामागच्या बाबूनं विचारलं.

"पुरावा."

बाबूनं एकेक पुस्तक उचलून पाहिलं. "बाबा, तुमच्या पेटीत सगळेच पक्ष आहेत. तुम्ही कोणाचे?"

"जो जमीन दी त्याना."

मग त्याच्या हाताला ते पत्रक लागलं. त्यानं शेजारच्याला दाखवलं. "अहो, यांना तर मिळाली. समाधानी लाभार्थी. मग अर्ज कशाला करता?"

सगळं ऑफिस हसलं. बादल म्हणतो, मामाही हसला. मग म्हणाला, "साहेब, छापेल शे ना? छापेल खोटं कसं व्हई? तेच सांगाले वनू. छापेल शे, पन भेटनं नही."

अर्ज नामंजूर. दुसरा पुरावा नाही.

त्यानंतर मामा-भाचे धुळ्याला माझ्याकडे आले. मी दारातच विचारलं, "भाऊ, त्या पावत्या कुठे आहेत?"

"होळीमा दिध्या."

"का पण?"

"तूच सांगेल ना अक्का, चोरीना कागद शेतस म्हनीसन."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. ती कला मला येते. मी आत जाऊन चहा ठेवला. चहा झाल्यावर अपिलाचा अर्ज लिहून दिला, चांगला ठसठशीत. तो चौदा वर्षं पडून राहिला.

आता २०२४. लोकसभा झाली होती, विधानसभा यायची होती. एका दिवाळी अंकानं माझ्याकडे लेख मागितला: पंचवीस वर्षांच्या जाहीरनाम्यांत जमीन आणि घर. जुने जाहीरनामे कुठे मिळावेत? पक्षांच्या कचेऱ्यांत नाहीत, वाचनालयांत नाहीत. निवडणूक झाली की ते भेळवाल्याकडे जातात. मला पेटी आठवली. बादलला फोन केला. चौथ्या दिवशी पुन्याभाऊ स्वतः बसनं आले, मांडीवर गाठोडं घेऊन. बावीस जाहीरनामे, एक पत्रक.

"वाची ले," म्हणाले. "पन परत दे. मोजेल शेतस."

बादल सोबत होता. गाठोडं सोडताना त्यालाच सुचलं, मला नाही. "मॅडम, पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा फॉर्म भरून घेतले होते ना? मामा म्हणतो त्याच्यावर त्याचा अंगठा घेतला होता."

घेतला होता. माळ्यावरचे खोके उतरवून घेतले, दोन दिवस शिंकले, आणि फॉर्म सापडला. सातवा प्रश्न: ही जमीन किती वर्षांपासून कसता? उत्तर माझ्याच अक्षरात: वडिलांपासून, स्वतः बावीस पावसाळे. खाली निळा अंगठा, सप्टेंबर १९९९ ची तारीख, कॉलेजचा गोल शिक्का. बादलनं मोबाइलवर फोटो काढून तालुक्याला दाखवला. तिथल्या माणसानं सांगितलं, चालेल, पण मूळ कागद हवा, आणि ज्या बाईंनी भरला त्यांनी समोर येऊन जबाब द्यायचा. अपिलाची तारीख लागतेच आहे. काय ते आचारसंहिता लागायच्या आत करा. एकदा ती लागली की दोन महिने कुणी पेन उचलणार नाही, आणि नंतर कुणाला आठवणार नाही.

ठरलं. साक्रीच्या बाजाराच्या दिवशी मी दहाच्या गाडीनं यायचं. पुन्याभाऊ स्टँडवर उभे राहतील. आधी जबाब, मग बाजारात भजी, मग गाठोडं परत.

"तू येशी ना?" फोनवर त्यांनी विचारलं.

"येते म्हटलं ना. किती वेळा सांगू?"

"मना कागद?"

"आणते. सगळे बावीस."

"मोजी लिसू," म्हणाले आणि हसले.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी अंकाची प्रुफं आली. संपादक म्हणाले, उद्या दुपारपर्यंत परत हवीत, छपाई अडलीय. मी म्हटलं, एक बाजार चुकला तर काय, पुढच्याला जाऊ. बादलला फोन लावला. पाड्यावर रेंज नसते, हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. सकाळी पुन्हा लावला नाही. प्रुफांत 'पट्टा' या शब्दाची तीन ठिकाणी वाट लागली होती, ती नीट केली.

पुढचा बाजार यायच्या आत तारीख लागून गेली. समोर जे कागद होते त्यांवर निकाल झाला. अपील फेटाळलं. त्याच आठवड्यात आचारसंहिता लागली.

लेख छापून आला. बरा झाला होता. 'एका पाड्यावरचा म्हातारा पंचवीस वर्षं जाहीरनामे जपतो आहे' या वाक्यानं सुरुवात केली होती. तेवढ्यासाठी नाशिक-पुण्याहून लोकांची पत्रं आली.

निवडणूक झाली आणि घरकुलाच्या यादीत पुन्याभाऊंचं नाव लागलं. हे खोटं वाटेल, पण लागलं. जागेची पाहणी करायला इंजिनीयर आला, कुडाच्या घरासमोर त्यांना उभं करून फोटो काढला आणि जागेचा कागद मागितला. जमीन जंगलाची, गावठाणात हातभर जागा नाही, अपील फेटाळलेलं. पट्टा असता तर तिथंच पाया खोदला असता. पुन्याभाऊंना त्याला निदान ते चित्र दाखवायचं होतं, लाल कौलांचं, असं पाहिजे म्हणून. पेटी उघडली. चित्र माझ्याकडे होतं. नाव कापून खालच्या माणसाला घर गेलं.

पुढच्या पावसाळ्यात कुडाची मागची भिंत बसली. रेशमाचा नवरा नरडाण्याला एका कारखान्यात आहे. ती येऊन बापाला घेऊन गेली. पत्र्याची खोली, पुढे रस्ता, रात्रंदिवस ट्रक. वरची जमीन त्या वर्षी कुणी नांगरली नाही, आणि न नांगरलेल्या जमिनीवर हक्क कसला सांगायचा? बांधांत घाणेरी उगवली आहे, असं बादल सांगतो.

नरडाण्याहून तुमचा एकदा फोन आला होता, भाऊ. रेशमानं लावून दिलेला. कसे आहात विचारलं तर म्हणालात, "आठे माती नही. बठ्ठा सिमिट." मी म्हटलं, "मग तुम्हाला पक्कं घरच हवं होतं ना?" हे मी म्हटलं. थट्टेनं म्हटलं, पण म्हटलं. तुम्ही हसलात की खोकलात ते कळलं नाही.

मग म्हणालात, "अक्का, मना कागद लई ये. घाई नही."

नरडाणा धुळ्याहून दूर नाही. मी ऑक्टोबरचं ऊन उतरल्यावर येते म्हटलं. मग गुडघा होता. मग थंडी. या पौषात रेशमाचा फोन आला.

गाठोडं दाराच्या मागं खुंटीला आहे. बावीस आणि एक, मी मोजले. वर तो फॉर्म ठेवला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे अंगठा पुसायला नको.

बाजाराच्या त्या दिवसाचं बादलनं मला कधी सांगितलं नव्हतं. परवा मीच खोदून विचारलं. म्हणाला, मामा सकाळी आठलाच साक्रीच्या स्टँडवर जाऊन बसला होता, धुतलेला सदरा घालून. धुळ्याची गाडी आली की उठून दाराशी जायचा आणि सगळी माणसं उतरेपर्यंत उभा राहायचा. दुपारी बादल म्हणाला, मामा, चल, त्या येत नाहीत. तुम्ही म्हणालात, आनखी एक गाडी देखू.

चार गाड्या पाहिल्यात.